उभ्या गाडीची काजळी

गाडीचं इंजिन पहिल्यांदा थरथरलं ते मला कळलं नाही, माझ्या मुलीला कळलं. उन्हाळ्यातली दुपार होती. आम्ही दोघी रोजच्यासारख्या गल्लीच्या टोकाला लिंबाच्या सावलीत गाडीत बसलो होतो. काचा बंद, इंजिन चालू, एसी चालू. ती माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, डावा हात समोरच्या डॅशबोर्डवर पालथा टेकवून. एकदम तिनं हात उचलला, विस्तवाचा चटका बसावा तसा. कपाळाला आठी पडली आणि तोच हात तिनं दातात धरला.

"काय झालं गं?" मी विचारलं.

उत्तर येणार नाही हे मला माहीत होतं. माझी मुलगी बोलत नाही. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि "आई" हा शब्दही मी तिच्या तोंडून ऐकलेला नव्हता. अजूनही नाही. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, आम्हीही ते नाव सगळ्यांना सांगतो. पण नाव सांगून दुपार जात नाही.

आमचं घर सोलापुरात, मागांच्या वस्तीत. दोन्ही अंगाला टॉवेलचे माग, सकाळपासून खटखट. त्या आवाजाचं तिला काही नव्हतं, त्यातच ती लहानाची मोठी झाली. पण दुपारी लाईट जायची आणि माग एकदम गप्प व्हायचे. मग लाईट यायची आणि सगळे एकाच वेळी सुरू व्हायचे. ते थांबणं आणि ते सुरू होणं तिला सोसायचं नाही. ती भिंतीवर डोकं आपटायची. मी मधे उशी धरायची, मग ती माझ्या हाताला चावायची. एकदा घर बदलून बघितलं. नव्या घरामागं लग्नाचं कार्यालय निघालं. परत जुन्या वस्तीत आलो.

गाडीचा शोध असाच लागला. एकदा दवाखान्यातून येताना ती किंचाळत होती, तिला कसंबसं गाडीत कोंबलं, पट्टा लावला. गाडी चालू झाली आणि ती शांत झाली. इंजिनाची ती एकसारखी बारीक घरघर, छातीवरून घट्ट बसलेला पट्टा आणि गार हवा, यातलं नेमकं काय लागू पडलं देव जाणे. त्या दिवसापासून जेवणं उरकली की मी तिला घेऊन गाडीत बसायला लागले. गाडी कुठं न्यायची नाही, नुसती चालू ठेवायची. फार तर गल्लीतून एक चक्कर, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "कुठं चाललाव रोज दुपारी?" मी म्हणायची, "कुठं नाही."

गाडी मुलीला दवाखान्यात न्यायला म्हणून वापरलेलीच घेतलेली, पेट्रोलवरची, लहानशी. ह्यांच्या पुण्यातल्या मित्राची होती. हे टॉवेलच्या कारखान्यात ऑर्डरींचं काम बघतात, त्यांना स्कूटर पुरायची. गाडी खऱ्या अर्थानं मुलीचीच होती.

त्या दुपारनंतर थरथर मलाही कळायला लागली. सकाळी गार गाडी चालू केली की सबंध अंग हलवायची, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खालीवर व्हायचा. एसीचं यंत्र लागलं की इंजिन बंद पडेल असं वाटायचं. मग समोर पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. मी दिव्याला भीत नव्हते. मी मुलीकडे बघत होते. आधी ती गाडीत बसून कण्हायची. मग दार उघडलं की पाय मागं घ्यायला लागली. एके दिवशी ती उंबऱ्यातच बसली आणि उठलीच नाही. त्या वेळी लाईट गेली.

त्या दुपारी तिच्या कपाळाचं रक्त माझ्या पदराला लागलं. हे संध्याकाळी आले आणि जखम बघून खालीच बसले.

"गाडी दाखवू या," मी म्हणाले.

"मुलीचं बघायचं सोडून गाडीचं काय बोलतेस?"

"गाडी म्हणजेच मुलीचं आहे. तुम्ही दुपारी घरी असता का?"

 दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला गेली.

पहिल्या गॅरेजवाल्यानं प्लग बदलले. गाडी दोन दिवस बरी वाटली, परत तेच. दुसऱ्यानं यंत्र लावून बघितलं, म्हणाला, "मिसिंग मारायलीय, कॉइल गेलंय." कॉइल बदललं. फरक नाही. तिसऱ्यानं पेट्रोलच्या टाकीत औषधाचा डबा ओतला आणि सांगितलं, "आतली सगळी घाण धुवून निघंल बघा ताई, एक टाकी संपू द्या." मी वेड्यासारखी ती टाकी संपायची वाट बघत बसले. मुलगी गाडीत बसत नव्हती, म्हणून टाकी संपवायला मी एकटीच गल्लीत गाडी चालू करून बसायची आणि घरातून तिचं ओरडणं ऐकायची. आत सासूबाई तिला धरून असायच्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्या एकदा मला म्हणाल्या, "माझ्यानं आता धरवत नाही गं, पोर ताकदीनं माझ्यापेक्षा मोठी झाली."

टाकी संपली. गाडी तशीच.

मग कुणीतरी सांगितलं की कानावर घालायची जाड टोपणं मिळतात, त्यानं आवाज बंद होतो. नवी पेठेत एका दुकानात आहेत म्हणे. माप लागेल म्हणून मुलीला नेणं भाग होतं. सकाळच्या गारव्यात तिला हातापाया पडून गाडीत बसवलं. कशी बसली तीच जाणे. नवी पेठेत शिरलो तर पुढं रिक्षा, मागं रिक्षा, मधून माणसं. गाडी धक्के द्यायला लागली. मी जास्त पेट्रोल दिलं, ती फुरफुरली आणि भर रस्त्यात बंद पडली. परत चालू केली, परत बंद. एसी गेला. मागून हॉर्न सुरू झाले.

मुलीनं पट्टा काढला, दार उघडलं आणि रस्त्यावर जाऊन आडवी पडली.

मी तिच्याशेजारी बसले. डांबर तापायला लागलं होतं. ती डोकं आपटत होती आणि मी तिच्या डोक्याखाली माझे तळहात घालत होते. भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, "अंगात आलंय का?" कुणी म्हणालं, "कांदा हुंगवा, कांदा." एक जण म्हणाला, "मारून बघा एक, गप बसंल." मोबाईल वर झालेले मला दिसत होते. तिचा फ्रॉक वर गेला होता, तो खाली ओढायला मला तिसरा हात नव्हता.

तेवढ्यात समोरच्या कापडाच्या दुकानातून एक बाई खाली उतरली. मागं तिच्याकडं कामाला असलेल्या दोन मुली. तिनं काही विचारलं नाही. एक मोठी चादर घडीतून झटकली आणि त्या तिघींनी ती आमच्याभोवती पडद्यासारखी धरली. मोबाईलवाल्यांना ती म्हणाली, "घरात बहीण न्हाय का रे तुमाला? चला, निघा हितनं."

चादरीच्या आत उजेड पांढरा होता. बाहेरची गर्दी सावल्यांसारखी हलत होती. मुलगी दमून निपचित पडली. मी तिच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात आलं की आम्ही दोघी आता इथंच संपलो तर किती बरं होईल. कुणावर राग नव्हता. नुसतं वाटलं, की ही चादर कुणी काढूच नये.

त्या बाईनंच माझ्या मोबाईलवरून ह्यांना फोन लावला आणि हे आले तोवर ती उभीच होती. मुलीला रिक्षातून घरी नेलं. गाडी ढकलत बाजूला लावली आणि ह्यांच्या कारखान्यातल्या ड्रायव्हरनं ती होटगी रस्त्याकडच्या एका मिस्त्रीकडे ओढून नेली.

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेले. मिस्त्री माझ्याच वयाचा, तिरसट. आधीच्या तिघांनी काय काय केलं ते मी सांगत होते तर म्हणाला, "वो सब छोडो ताई, मेरेको देखने दो." त्यानं वरचा हवेचा नळकांड्यांचा भाग सोडवला, बारीक वायरीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा आत सोडला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

मला आधी काहीच कळलं नाही. काळं काहीतरी, डोंगरासारखं. दुधाचं पातेलं बुडाला लागतं आणि आपण ते तसंच विसरतो, मग जशी खरपुडी चढते, तशी.

"ये वाल्व है," तो म्हणाला. "हवा इथून आत जाते. आता जागाच कुठं राहिलीय जायला?"

"पण औषध टाकलं होतं की टाकीत. धुवून निघणार होतं."

"कैसा निकलेगा? जुन्या गाडीत पेट्रोल या वाल्ववरून आत जायचं, वाल्व आपोआप धुतला जायचा. या गाडीत पेट्रोल सरळ आतच मारतात. वाल्वला थेंब लागत नाही. ऑइलची वाफ येते, चिकटते, जळते. परत येते, परत चिकटते." मग त्यानं विचारलं, "गाडी फिरती कुठं? गावात की लांब?"

"फिरत नाही."

"मतलब?"

"रोज दुपारी उभी करून चालू ठेवते. दोन-अडीच तास. कधी जास्त."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कैको?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. गॅरेजमधल्या टायरवर बसून, परक्या माणसाला, जे माझ्या भावालाही नीट सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तो कापडानं बोटं पुसत ऐकत होता.

"तो फिर ये होनाच था," तो शेवटी म्हणाला. "उभ्या गाडीत इंजिन तापतं पण जोर लागत नाही, घाण बाहेर पडत नाही. साफ करून देतो मी. पण उभी करून चालू ठेवणं बंद करायला पाहिजे. नाहीतर परत हेच."

माझा तोल गेला. "बंद केली तर ती डोकं फोडून घेते! तुम्ही सांगा मला, दुपारी काय करू? कुठं नेऊ तिला?"

 तो हात धुवायला निघून गेला.  

साफ करायला त्याला बरेच दिवस लागले. पुण्यात म्हणे अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या जोरानं मारून काजळी उडवतात, ते यंत्र त्याच्याकडे नव्हतं. तो हातानं करत होता. ह्यांनी रजा काढली होती, ते मुलीला धरून घरी होते आणि मी कारण नसताना गॅरेजमध्ये जाऊन बसत होते. खरं तर घरातून पळून जात होते. इंजिन हातानं फिरवून तो एकेक वाल्व बंद स्थितीत आणायचा, म्हणजे घाण आत पडू नये. मग त्यावर औषध ओतायचा आणि भिजू द्यायचा. मग बारीक ब्रश. वर आलेलं काळं पाणी नळीनं ओढून घ्यायचा. परत औषध, परत ब्रश. काळे पापुद्रे तो जुन्या पेपरवर ठेवत होता. मी एक उचलून बोटात चुरडला. कोळशासारखा नव्हता, चिकट होता.

ऑइलची वाफ सोडणारी एक बारीक झडपही खराब निघाली. ती बदलली. म्हणाला, तिच्यामुळं वाफ दुप्पट येत होती.

गाडी जोडून झाली तेव्हा हेही आले. मुलीला सासूबाईंजवळ झोपवून आले होते. मिस्त्रीनं किल्ली फिरवली. आधी पांढरा धूर निघाला, गाडी खोकल्यासारखं करत राहिली. मग धूर विरला आणि आवाज एकसारखा झाला. ह्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं आणि तसेच उभे राहिले. 

मला वाटलं, सुटलो.

मुलगी गाडीत बसेना. तिला दार उघडून दाखवलं, आवाज ऐकवला, तिच्या आवडीची बिस्किटं सीटवर ठेवली. ती अंगणातूनच मागं फिरायची. असे दिवसांमागून दिवस गेले. ह्यांनी नंतर नवी पेठेतून आणलेली टोपणं तिनं कानावर एक क्षणही ठेवली नाहीत. मी रात्री झोपेतही उशी धरून असायची. ह्यांना मी म्हणाले, "आता आपण हरलो." ते म्हणाले, "हरून जायचं कुठं?" त्यात धीर नव्हता, खरंच विचारत होते.

मग एका सकाळी, मी गाडी पुसत असताना ती आली. पुढचं दार मी उघडलं तर तिकडे बघितलंही नाही. मागचं दार स्वतः उघडलं, आत बसली आणि पट्टा ओढला. पुढच्या सीटवर ती त्यानंतर कधीच बसली नाही. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण आता गाडी उभी ठेवायची नव्हती. आणि मी जन्मात हायवेवर गाडी घातली नव्हती. मिस्त्रीनं सांगितलं होतं, "लांब जावा, जरा ओढा गाडी, इंजिनला जोर लागू द्या." पहिल्या दिवशी मोहोळच्या रस्त्याला लागले आणि एका ट्रकनं मला असं ओलांडलं की मी गाडी बाजूला घेऊन थांबले.  मागून तिचा आवाज सुरू झाला. म्हणून परत निघाले. मोहोळपर्यंत जायचं, वळायचं, यायचं. रोज. ती शांत बसायची, कधी झोपायची. मी उन्हात डोळे ताणून, घाम पुसत, रामराम म्हणत चालवायची. घरी आलं की माझे खांदे उचलत नसत. भांडी तशीच पडायची. कुणी म्हणालं असतं की आता बरं चाललंय, तर मी त्याला काय उत्तर दिलं असतं माहीत नाही.

पावसाळा संपताना मिस्त्रीनं परत कॅमेरा घातला. वाल्ववर पातळ काळा थर होता, खरपुडी नव्हती.

"थोडं येणारच," तो म्हणाला. "ऑइल टाइमावर बदलत राहा. चालवत राहा."

रोज तोच रस्ता कशाला, म्हणून मग मी माहेरी जायचं ठरवलं. माझं माहेर माळशिरसकडचं, शेळ्या-मेंढ्यांचं घर. मुलीमुळं मी कित्येक वर्षं गेले नव्हते. मुलगी पंढरपूरपर्यंत छान बसली, पुढंही बसली. आई अंगणातच उभी होती.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "किती लांब झालीस आमाला."

मी तिच्या गळ्यात पडणार तोच देवळावरचा भोंगा सुरू झाला. कुणाकडं तरी बारसं होतं. मुलीनं कान धरले आणि ती शेळ्यांच्या गोठ्याच्या भिंतीकडे धावली. पुढचं सांगत नाही. भाऊ, भावजय, शेजारची माणसं, सगळी गोळा झाली. भाऊ भोंगा बंद करायला पळाला, पण तोवर उशीर झाला होता. पाण्याचा घोट न घेता मी तिला परत गाडीत घातलं.

आई काचेशी आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी तिनं माझ्या मांडीवर ठेवल्या. "ऱ्हा म्हणावं वाटतंय गं. पर कसं म्हणू?"

"नको म्हणूस, आई."

"परत येशील की?"

"येईन," मी म्हणाले आणि गाडी काढली. आरशात बघितलं नाही.

करकंबच्या फाट्यापाशी मुलीचं हुंदके देणं थांबलं. पंढरपूर ओलांडल्यावर ती झोपली, मान कलंडून, तोंड उघडं. तिला इतकं गाढ झोपलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. एका हातानं मी भाकरी तोडून खात होते, कोरडीच. सोलापूर आलं. आमच्या घराकडं वळायचा रस्ता आला. वळले असते तर गाडी थांबवावी लागली असती, आणि थांबवली की ती उठली असती. मी वळले नाही. गावाबाहेरून तशीच अक्कलकोटच्या रस्त्याला लागले. ह्यांचा फोन वाजत होता, वाजू दिला. ऊन कलायला लागलं होतं. मला काही आठवायचं नव्हतं, काही ठरवायचं नव्हतं. फक्त ती झोपलेली राहावी एवढंच होतं.

मग पेट्रोलचा दिवा लागला.

पुढचा पंप लागला तिथं मी गाडी घातली. पंपावरचा माणूस आला. "बंद करा ताई, गाडी."

"एक मिनिट," मी म्हणाले.

"चालू गाडीत पेट्रोल भरत नाही."

"माहीत आहे. एकच मिनिट."

त्यानं वाकून मागच्या सीटवर बघितलं. काय समजला कोण जाणे, पण नळी हातात धरून तो तसाच उभा राहिला. मागं एक जीप आली, तिनं हॉर्न दिला. मी किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं.

मुलीनं डोळे उघडले.  तिनं पंपाकडे बघितलं, त्या माणसाच्या हातातल्या नळीकडे बघितलं. मग पुढच्या दोन सीटांमधल्या खणातल्या पाण्याच्या बाटलीकडे हात केला. मी झाकण काढून बाटली तिच्या हातात दिली. ती पाणी प्यायली, सगळं प्यायली, आणि रिकामी बाटली माझ्याकडे परत दिली.